मसुरीचं दूध

फेको, लेसिक, स्माईल... डोळ्यांच्या दवाखान्याबाहेरच्या बोर्डावरचे हे चकाचक शब्द जरा उघडून बघा. आतून डाळ, शिंग आणि छिन्नी बाहेर पडते! आणि आपल्या साध्यासुध्या मोतीबिंदूच्या मागे मात्र एक शब्द असा चिकटलाय, की त्याच्यापायी माणसं उगाचच अंधारात बसून राहतात.

कार्टर रोडवर कॉफी घ्यायची, समुद्राकडे बघत बॉसला मनातल्या मनात दोन शिव्या हासडायच्या आणि उत्तरेकडे चालत सुटायचं. थोड्या वेळात कॉफीचा वास संपतो आणि सुक्या बोंबलाचा सुरू होतो. वेलकम टू खारदांडा! एकीकडे युनियन पार्कची झगमग, दुसरीकडे होड्या, वाळत घातलेली जाळी आणि एकमेकांना खेटून उभी असलेली कोळ्यांची घरं. रविवारी सकाळी आपला मुक्काम इथे. त्यातही एकाच टोपलीसमोर.

मावशीचं नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. वय पासष्टच्या पुढे, अंबाड्यावर गजरा, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून बघेल. (मावशीला मी 'अगं-तुगं'च करतो. कोळीवाड्यात 'अहो-जाहो' केलं की पापलेटचा भाव वाढतो, असा स्वानुभव आहे.) मासे घ्यायला तिनेच शिकवलं. पहिला धडा एका शब्दाचा : डोळा! डोळा फुगीर, काळाभोर, चकचकीत असेल तर मासा ताजा. आत गेलेला, दुधाळ झालेला असेल तर पुढच्या टोपलीकडे चालू पडायचं.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मावशीने पापलेट उचललं, नाकाजवळ नेलं, मग अंगठा कल्ल्यात घालून चाचपलं. डोळा बघितलाच नाही. मांदेलीच्या वाट्याचे पैसे दिले, तर तिने सुट्ट्यांत शंभराच्या जागी पाचशेची नोट माझ्या हातावर ठेवली. आयुष्यात कुणाला पाच रुपये सोडले नाहीत त्या बाईने! मी नोट परत दिली, तेव्हा तिने ती उजेडाकडे धरली आणि डोळे बारीक करून हसली.

"मोतीबिंदू हाय रं. डॉक्टरनी बघितलंय. पण अजून कच्चा हाय. पिकल तवा बघू."

कच्चा? म्हणजे आंबा आहे का तो?

शेजारी तिचा नातू बसला होता. कॉल सेंटरमध्ये नाइट शिफ्ट करून थेट आजीच्या मदतीला. त्याने मोबाइल काढून केसपेपरचा फोटो दाखवला. डॉक्टरी अक्षरातल्या दोनच ओळी. पहिली : 'सेनाइल इमॅच्युअर कॅटरॅक्ट'. दुसरी : 'अॅडव्हाइज फेको विथ आयओएल'. "इमॅच्युअर म्हणजे कच्चाच ना?" नातू म्हणाला, "मग अजून टाइम आहे." दुसरी ओळ त्याच्या डोक्यावरून गेली होती. आजीने पहिली ओळ उचलली, कारण ती तिला आधीपासूनच पाठ होती. तिच्या आईचाही मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' ठेवला होता म्हणे.

म्हणजे बघा, ऑपरेशन करा असं डॉक्टरने स्पष्ट लिहिलेलं. आणि ते पुढे ढकललं कुणी, तर एका विशेषणाने! रविवारचे मासे फ्रीजमध्ये गेले आणि मी त्या दोन ओळींच्या मागे लागलो.

पिकायचं कशासाठी?

आधी 'पिकण्या'चा हिशेब. ही काही अडाणी समजूत नाही बरं का. एके काळी ते शंभर टक्के शहाणपण होतं. इमॅच्युअरमधला 'मॅच्युअर' लॅटिनमधून आलाय, आणि तिथे त्याचा अर्थ चक्क पिकलेला. फळ जसं पिकतं तसा. म्हणजे मावशी आणि डॉक्टर एकच शब्द बोलत होते, फक्त वेगवेगळ्या काळात राहून.

आपल्याकडे या ऑपरेशनचं सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. ते वाचताना अंगावर काटा येतो. ऋतू निवडायचा तोही फार उष्ण नाही, फार थंड नाही असा. टोकाला जवाच्या दाण्यासारखा आकार असलेली सळई पांढऱ्या भागातून आत घालायची, आतला दोष बाजूला सारायचा आणि वाट मोकळी करायची. डोळ्यावर बाईचं दूध शिंपडायचं. मग तुपात भिजवलेला कापूस आणि पट्टी. रुग्णाने उताणं पडून राहायचं. शिंकायचं नाही, खोकायचं नाही, ढेकरसुद्धा द्यायचा नाही. भूल नावाचा प्रकार नसताना हे सगळं!

या पद्धतीत गढूळ झालेलं भिंग बाहेर काढत नसत, नुसतं आडवं पाडून डोळ्याच्या तळाशी ढकलत. इंग्रजीतला तिचा शब्द 'काउचिंग'. फ्रेंचमध्ये 'कुशे' म्हणजे निजवणं, आडवं करणं, त्यावरून. (आपल्या ड्रॉइंग रूममधला काउच तिथूनच आला.) आता भिंग आडवं पाडायचं तर ते पुरेसं घट्ट झालेलं हवं. अर्धवट मऊ असेल तर सळई लागताच फुटायचं आणि आतला माल डोळाभर पसरायचा. म्हणून थांबायचं. पिकू द्यायचं.

पुढे १७४७मध्ये जाक दावियेल नावाच्या फ्रेंच सर्जनने भिंग ढकलण्याऐवजी डोळ्याला छेद देऊन बाहेर काढायला सुरुवात केली. तरी थांबण्याची गरज संपली नाही. कारण भिंग काढलं की त्याच्या जागी घालायला काहीच नव्हतं. मग दहा नंबरच्या आसपासचा जाडजूड चष्मा. तुमच्या आजोबांच्या जुन्या फोटोत असेल बघा : सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखी काच आणि तिच्यामागे बशीएवढे डोळे. त्या चष्म्यातून एक डोळा सगळं मोठं दाखवणार आणि ऑपरेशन न झालेला दुसरा आहे तेवढंच. पायरी चुकलीच म्हणून समजा. अशा सौद्यात 'अजून थोडं दिसतंय ना, मग चालवून घ्या' हाच सल्ला बरोबर होता.

सौदा बदलला तो फेकोने आणि आयओएलने. शब्द मात्र बदलला नाही. आता हिशेब नेमका उलटा झालाय. भिंग जितकं जास्त पिकेल तितकं ते कडक, आणि कडक भिंग फोडायला जास्त शक्ती लावावी लागते. त्याचा ताण डोळ्याच्या आतल्या नाजूक पेशींवर येतो. अति पिकलं तर ते आतल्या आत पाझरून डोळ्याचा दाब भयानक वाढू शकतो. आज ऑपरेशनची वेळ ठरते ती रोजचं काम अडतंय की नाही यावर. मावशीचं काय अडत होतं, हे मला त्या पाचशेच्या नोटेने सांगितलंच होतं.

धबधबा की मोती?

आता 'कॅटरॅक्ट'. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेल्या या शब्दाचा अर्थ काय असेल? धबधबा! अरब वैद्य या आजाराला 'पाणी उतरणं' म्हणायचे, कारण मेंदूकडून काहीतरी पातळ द्रव उतरून बाहुलीमागे गोठतो अशी त्या काळची कल्पना होती. अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन नावाच्या आफ्रिकी भिक्षूने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेले आणि त्या पाण्याचा धबधबा झाला. हिंदीत आजही मोतिया 'उतरतो', तो असा. पाणीबिणी काही उतरत नसतं. पण जगभरचे डॉक्टर अजून धबधब्याचंच ऑपरेशन करतात.

आपला 'मोतीबिंदू' त्या मानाने फारच प्रामाणिक. जे दिसतं तेच बोलतो. आणि गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेत कोणत्या आकाराचा दोष असेल तर सळई लावू नये याची यादी आहे, तिथे अर्धचंद्राच्या जोडीला घामाचा थेंब आणि मोती या दोन्ही उपमा हजर आहेत. मोतीही, बिंदूही. आजाराचं शास्त्रीय नाव तिथे वेगळंच आहे, 'लिंगनाश'. पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही यात नवल ते काय!

हा मोती म्हणजे नेमकं काय, ते कळायला दवाखाना नको. खारदांड्यातलं कुठलंही स्वयंपाकघर चालेल. रावसाच्या डोक्याचं कालवण खाल्लंय? त्यात माशाच्या डोळ्यातून एक पांढरी, टणक गोळी निघते. लहानपणी आपण ती दाताखाली धरायचो किंवा ताटात घरंगळवायचो. ती गोळी म्हणजे माशाच्या डोळ्याचं भिंग. कालवणात पडण्याआधी ती काचेसारखी आरपार होती. उष्णतेने तिच्यातली प्रथिनं आकसून एकमेकांना चिकटली आणि पांढरी झाली. अंड्याचा बलक सोडून बाकीचा भाग तव्यावर पांढरा होतो, अगदी तस्संच. माणसाच्या डोळ्यात हे काम दोन मिनिटांत न होता साठ-सत्तर वर्षांत होतं. वय, ऊन, मधुमेह, तंबाखू असे मदतनीस भेटले की जरा लवकर. आता जिने उभा जन्म उघड्या बाजारात आणि किनाऱ्यावर मासे वाळवण्यात घालवला, तिच्या डोळ्यांनी किती ऊन पाहिलं असेल?

माझं हे संशोधन मी मावशीला ऐकवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजे माझा डोळा शिजला." याहून बरी व्याख्या मला तरी देता येणार नाही.

एक सावधगिरीचा बिंदू

इथे जरा थांबतो, कारण मोतीबिंदूला एक जुळा वाटावा असा शब्द आहे आणि तो फार फसवा आहे. काचबिंदू. जुन्या आयुर्वेदात 'काच' ही लिंगनाशाच्याच वाटेवरची अलीकडची पायरी होती. आधी तिमिर, मग काच, मग लिंगनाश. आजच्या मराठीत मात्र काचबिंदू म्हणजे ग्लॉकोमा, आणि तो भिंगाचा आजारच नाही. त्यात डोळ्यामागची नस मरत जाते, बहुतेक वेळा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे. ग्रीकांनीही असाच घोळ घातला होता. त्यांचा 'ग्लॉकोस' म्हणजे निळसर-हिरवट रंग, आणि त्या नावाखाली मोतीबिंदूसकट काय काय जमा झालं होतं.

शब्द जुळे, पण नशीब वेगळं. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही, उरलेली वाचवता येते एवढंच. तो पिकतही नाही आणि सहसा दुखतही नाही. कडेकडेने गुपचूप नजर खात जातो. घरात कुणी "बिंदू आहे, पिकू दे" म्हणत असेल, तर आधी कुठला बिंदू ते विचारा. आणि आई-वडिलांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट न बघता स्वतःच्या डोळ्यांचा दाब तपासून घ्या. हा सल्ला मी पैसे न घेता देतोय.

डाळीचा चमत्कार

आता केसपेपरची दुसरी ओळ. फेको. ऐकायला कसं हाय-फाय वाटतं! पूर्ण नाव फेकोइमल्सिफिकेशन. ग्रीकमध्ये 'फाकोस' म्हणजे मसूर. होय, आपली आमटीतली मसूर. डोळ्यातल्या भिंगाचा आकार दोन्हीकडून फुगीर, मसुरीच्या दाण्यासारखा, म्हणून त्याला तेच नाव. लॅटिनमध्येही तोच प्रकार : मसुरीला 'लेन्स' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव आजही लेन्स क्युलिनॅरिस, म्हणजे स्वयंपाकघरातली लेन्स. अरबीत 'अदस' म्हणजे मसूर आणि 'अदसा' म्हणजे भिंग. तेव्हा रोज सकाळी आरशासमोर उभं राहून तुम्ही डोळ्यात जे दोन कॉन्टॅक्ट लेन्स घालता ना, त्या दोन मसुरीच आहेत.

आणि आपण? सुश्रुतसंहितेत 'दृष्टी'चं, म्हणजे डोळ्यातल्या बघणाऱ्या भागाचं माप दिलंय, तेही मसुरीच्या डाळीएवढं! तिथे भिंगाला मसूर म्हटलेलं नाही, बाहुलीच्या जागेचं माप सांगितलंय. पण डोळ्यात डोकावून बघणाऱ्या माणसाला अथेन्सपासून काशीपर्यंत एकच डाळ आठवावी, हे भारीच.

उरलं इमल्सिफिकेशन. लॅटिनमध्ये त्याचं मूळ आहे दूध पिळून काढणं. बदाम वाटून काढलेलं पांढरं पाणी ते इमल्शन. आपल्याकडे नारळाचं दूध काढतात तसं. म्हणजे फेकोइमल्सिफिकेशनचा शब्दशः अर्थ झाला, मसुरीचं दूध काढणे. आणि यंत्र करतं तेच. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून एक पोकळ सुई आत जाते, तिचं टोक सेकंदाला चाळीस हजारांच्या घरात थरथरतं, भिंगाचा लगदा होतो आणि त्याच सुईतून ओढून घेतला जातो.

ही आयडिया न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स केलमन यांना सुचली कुठे? दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत! दातांवरचं कीटण काढणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र तोंडात थरथरत होतं, आणि या गृहस्थांच्या डोक्यात मोतीबिंदू. १९६७मध्ये त्यांनी पद्धत जाहीर केली. तेव्हा आवाज आहे हं हा, प्रकाश नाही. 'लेझरने मोतीबिंदू काढला' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण साध्या फेकोत लेझर नसतोच. अलीकडे काही ठिकाणी छेद वगैरे पायऱ्यांना लेझर वापरतात, तरी लगदा ओढून घ्यायला शेवटी ही सुई लागतेच. पॅकेज विकणाऱ्याने 'लेझर' म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचा, हे लक्षात ठेवा.

काढलेल्या मसुरीच्या जागी बसते ती आयओएल, म्हणजे डोळ्याच्या आत राहणारी कृत्रिम लेन्स. तिचे जनक लंडनचे डॉ. हॅरल्ड रिडली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसून बसायचे, आणि डोळा त्यांना बिनबोभाट सांभाळून घ्यायचा हे त्यांच्या लक्षात आलं. २९ नोव्हेंबर १९४९ला सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स एका रुग्णाच्या डोळ्यात बसवली. सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं. आज आनंदवनातल्या कुष्ठरुग्णांपर्यंत ही लेन्स पोचलीय. डॉ. तात्याराव लहाने यांनी तिथे घेतलेली शिबिरं तर महाराष्ट्राला पाठ आहेत.

मराठी माणसाचं या विषयाशी नातं त्याहूनही जुनं आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी नांदत होतं. त्यांच्याकडच्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. केसपेपर कसा असावा तर असा. डॉक्टरमंडळींनी अक्षर बघायला तरी तंजावरला जावं.

आणि तुमचं लेसिक?

तुम्हाला मोतीबिंदूला वेळ आहे, मान्य. पण ऑफिसात लग्न ठरलेली निम्मी मंडळी आधी चष्म्याला घटस्फोट द्यायला धावतात, तेव्हा लेसिकचंही बघून टाकू. त्यातला शेवटचा 'के' म्हणजे केराटोमिल्युसिस. 'केरास' म्हणजे शिंग आणि 'स्मिल्युसिस' म्हणजे कोरीव काम. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, शाळेच्या पुस्तकातल्या पारपटलाला, ग्रीकांनी पातळ तासलेल्या शिंगाची उपमा दिली. लॅटिन 'कॉर्निया'ही शिंगच. आपलं 'शृंग'ही याच खानदानातलं. थोडक्यात, लेसिक म्हणजे शिंग कोरणे. आणि सुरुवातीला ते खरोखरच कोरायचे. बोगोटाचे डॉ. होजे बाराकेर पारपटलाची चकती कापून, गोठवून, बारीक लेथवर घासून परत शिवून टाकत. त्यानंतरचं 'स्माईल' हे नाव हसऱ्या चेहऱ्यासाठी घेतलंय असं वाटतं, पण ते इंग्रजी आद्याक्षरांचं लघुरूप आहे; ग्रीकमध्ये मात्र योगायोगाने 'स्मिले' म्हणजे कोरायची छिन्नी. त्यात पारपटलातून जो तुकडा काढतात त्याचं नाव 'लेन्टिक्यूल', म्हणजे छोटीशी मसूर. डाळ काही पाठ सोडत नाही!

नारळी पौर्णिमेच्या आधी

मावशीला यातलं सगळं सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं, की कागदावर 'थांबा' कुठेच लिहिलेलं नाही, उलट 'करा' लिहिलंय. आणि खात्री डॉक्टरकडूनच करून घे. नातू पुन्हा घेऊन गेला. डॉक्टरांनी तेच सांगितलं, वर म्हणाले की आणखी पिकवलात तर काम अवघड होईल.

मग नवीनच अडचण. पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करतात का कधी? थंडीत करायचं असतं! (ऋतूचा हा आग्रहही जुन्या काळातलाच. आजच्या ऑपरेशन थिएटरला पाऊस कळत नाही.) पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. धंदा तसाही मंदावलेला. मासळीच्या पाण्याचे शिंतोडे डोळ्यात जाऊन चालत नाहीत, थेंब महिनाभर घालायचे. यापेक्षा चांगला मुहूर्त कोळणीला वर्षभरात मिळत नाही. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात उजवा डोळा झाला. सकाळी गेली, दुपारी घरी.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी गेलो तर टोपली भरलेली, मावशी काळा गॉगल लावून बसलेली. एकदम फिल्मी. तिने माझं पापलेट उचललं आणि हातभर लांबून डोळा बघून खाली टाकलं. "ह्यो नको, कालचा हाय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू एवढा काळा होतास व्हय रं?"

नातवाने डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. आता त्याला सवयच लागलीय. त्यावर लिहिलं होतं, 'उजवा डोळा : स्यूडोफेकिया'. मी सांगितलं, मावशी, याचा अर्थ खोटी मसूर. डॉक्टरने तुझ्या डोळ्यात खोटी मसूर बसवलीय.

मावशीने कोयता खाली ठेवला. गॉगल कपाळावर चढवला.

"चाळीस वर्षं मासं विकतंय मी," ती म्हणाली, "आणि डोळ्यान घातलान काय, तर डाळ?"